नेटवर्कचा स्विच : वीज पुरवणारा घ्यावा की साधा?

आज कापडाची पेढी असो, यंत्रमागाची शेड असो की बेकरी, बिल संगणकावर होते, ई-वे बिल इंटरनेटवरून निघते आणि गोदामावर कॅमेऱ्याची नजर असते. या सर्व यंत्रांच्या तारा ज्या एका लहानशा पेटीत येऊन मिळतात, तिला स्विच म्हणतात. ट्रान्सपोर्टच्या गोदामात जसा हमाल गाठीवरचा पत्ता पाहून ती त्याच गावाच्या गाडीत चढवतो, तसे ही पेटी प्रत्येक संदेशाचा पत्ता पाहून तो त्याच तारेवर सोडते. काम एवढेच, पण ते थांबले तर बिल थांबते, गाडी दारात उभी राहते आणि कॅमेऱ्याचे चित्रही बंद होते.

आपले व्यापारी बांधव मीटरमागे पंचवीस पैशांसाठी तासभर घासाघीस करतात. मात्र ही पेटी वायरमन जी आणून लावील ती मुकाट्याने घेतात. अलीकडे कोटेशनवर ‘पीओई स्विच’ असे लिहिलेले असते आणि त्याची किंमत साध्या स्विचच्या दुपटी-तिपटीहून जास्त असते. काही लोक किंमत पाहूनच नको म्हणतात. काही लोक महाग ते चांगले असे समजून पेढीवर, गोदामात, सगळीकडे तोच बसवतात. दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो. तेव्हा हा प्रकार नेमका काय आहे ते समजून घेणे आवश्यक आहे.

फरक कशात आहे?

प्रथम एक गैरसमज दूर करू. बाजारात ‘पॉवर्ड’ आणि ‘नॉन-पॉवर्ड’ असे शब्द चालतात. त्यावरून कोणाला वाटेल की दुसरा प्रकार विजेशिवाय चालतो. तसे नाही. दोन्ही पेट्यांना वीज लागते. फरक असा की साधा स्विच ती वीज फक्त स्वतःसाठी वापरतो, तर पीओई स्विच नेटवर्कच्या त्याच तारेतून पलीकडच्या यंत्रालाही वीज देतो. पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. कॅमेऱ्यापर्यंत एकच तार जाते. तीच चित्र आणते आणि तीच वीज नेते. कॅमेऱ्याजवळ प्लग, बोर्ड, ॲडॅप्टर काहीही लागत नाही.

ही कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. घरातला जुना तारेचा टेलिफोन आठवा. घरातली वीज गेली तरी तो वाजत असे. कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून, सुमारे ४८ व्होल्टच्या दाबाने, बोलण्याच्याच तारेतून येत असे. पीओई स्विचही साधारण तेवढ्याच दाबाची वीज पाठवतो. वीज देणारी एक जागा सांभाळली की तिच्यावर अवलंबून असलेली सर्व यंत्रे सांभाळली जातात, हे जुन्या टेलिफोनचे तत्त्व इथेही लागू आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण आपल्यासारख्यांच्या दृष्टीने पीओईचा खरा फायदा तिथेच आहे.

तीन दर्जे आणि एक नकली

कापडात जसा रीड-पिक आणि काउंट विचारतात, तसा इथे दर्जा विचारावा. अमेरिकेतील आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने तो ठरवून दिला आहे. २००३ साली ‘८०२.३एएफ’ हा पहिला दर्जा आला. यात स्विच एका तारेवर जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ वॅट पलीकडे मिळतील असे धरतात. उरलेले तारेत उष्णता होऊन जातात. साधा कॅमेरा, नेटवर्कवर चालणारा फोन आणि लहान वाय-फाय यंत्र यांना एवढे पुरते. २००९ साली ‘८०२.३एटी’ आला, ज्याला पीओई प्लस म्हणतात. तो एका तारेवर ३० वॅटपर्यंत देतो. फिरणारे, लांबचे पाहणारे मोठे कॅमेरे आणि मोठी वाय-फाय यंत्रे यांना तो लागतो. २०१८ साली आलेला ‘८०२.३बीटी’ ९० वॅटपर्यंत जातो. पेढीला किंवा शेडला त्याची गरज सहसा पडत नाही. कोणी तो गळ्यात मारत असेल तर कशासाठी, असे विचारावे.

या दर्जाच्या स्विचमध्ये एक शहाणपण आहे. तो तार जोडताच वीज सोडत नाही. आधी अगदी कमी दाबाने चाचपून पाहतो की पलीकडचे यंत्र वीज घेणारे आहे का. तशी खूण मिळाली तरच पुरवठा सुरू होतो. म्हणून दर्जाच्या पीओई स्विचला साधा संगणक किंवा प्रिंटर जोडला तर तो जळत नाही. त्याला फक्त संदेश मिळतात, वीज मिळत नाही.

परंतु बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ नावाचा स्वस्त माल आहे. तो काही विचारत नाही, सरळ वीज सोडतो, बहुधा २४ व्होल्टची, काही वेळा ४८ व्होल्टची. ज्या यंत्रासाठी तो बनवला आहे त्याला तो चालतो. मात्र त्या तारेत चुकून दुसरे यंत्र गेले तर ते कायमचे बंद पडण्याची शक्यता असते. म्हणून खोक्यावर नुसते ‘पीओई’ पाहून समाधान मानू नये; ‘८०२.३एएफ’ किंवा ‘८०२.३एटी’ हे आकडे छापलेले आहेत की नाही ते पाहावे. नुसते ‘कॉटन’ छापलेल्या थानावर आपण कुठे विश्वास ठेवतो?

तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?

निवड करण्याची रीत सोपी आहे. एक कागद घ्यावा आणि प्रत्येक तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणते यंत्र बसणार आहे ते लिहावे. स्विचला किती पोर्ट आहेत हा प्रश्न नंतरचा.

संगणक, प्रिंटर, बिलाचे यंत्र, राउटर या सर्वांना स्वतःचा प्लग असतोच. त्यांना तारेतून वीज देण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी साधा स्विच पुरेसा आहे. तो गिगाबिट वेगाचा असावा, एवढेच. पेढीवर तीन संगणक आणि एक प्रिंटर एवढेच नेटवर्क असेल तर पीओई स्विच घेणे म्हणजे रोकड व्यवहाराला दलाल नेमण्यासारखे आहे.

उलट जी यंत्रे छताला, भिंतीच्या वरच्या टोकाला, जिन्याच्या वळणावर किंवा गेटबाहेर बसतात, जिथे प्लग नाही आणि तो काढायचा तर वेगळे वायरिंग करावे लागते, ती यंत्रे पीओईची आहेत. आयपी कॅमेरे आणि छतावरची वाय-फाय यंत्रे यांत प्रामुख्याने येतात.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. अनेक जुन्या दुकानांत जे कॅमेरे आहेत ते आयपी कॅमेरे नाहीत. त्यांची जाड गोल कोॲक्सियल तार गोल पितळी टोकाने डीव्हीआर नावाच्या पेटीत जाते आणि १२ व्होल्टची वीज वेगळ्या तारेने येते. अशा कॅमेऱ्यांचा पीओई स्विचशी काहीही संबंध नाही. ते चांगले चालत असतील तर कोणाच्या सांगण्यावरून स्विच विकत घेऊ नये. तसेच नव्या पद्धतीच्या एनव्हीआर पेट्यांमध्ये काहींना मागच्या बाजूला चार किंवा आठ पीओई पोर्ट दिलेलेच असतात. कॅमेरे तेवढेच असतील आणि तारा तिथपर्यंत पोहोचत असतील तर निराळा पीओई स्विच लागत नाही. कोटेशनमध्ये दोन्ही लिहिलेले असेल तर हात आखडावा.

आणि वीज मागणारे यंत्र एखादेच असेल, समजा कार्यालयाच्या छतावर एक वाय-फाय, तर त्यासाठी पूर्ण स्विच बदलायचे कारण नाही. इंजेक्टर नावाची लहान डबी मिळते. साध्या स्विचची तार तिच्यात घालायची, तिला प्लग द्यायचा. पुढे निघणाऱ्या तारेत वीज मिसळून जाते. दोन यंत्रांपर्यंत हा उपाय परवडतो. तीन-चार झाली की डब्यांचा आणि प्लगचा गुंता होतो, मग स्विचच बरा.

वॅटचा हिशेब

आता ज्या ठिकाणी सर्वात जास्त फसगत होते तिकडे येऊ. पीओई स्विचवर दोन आकडे पाहायचे असतात. एक, प्रत्येक पोर्ट किती वॅट देऊ शकतो. दुसरा, सर्व पोर्ट मिळून एकूण किती देऊ शकतात. विक्रेता पहिला आकडा सांगतो, दुसरा राहून जातो. आठही पोर्टवर पूर्ण १५.४ वॅट द्यायचे म्हटले तर एकूण १२३ वॅट हवेत. बाजारातील कित्येक आठ पोर्टच्या स्विचची एकूण ताकद मात्र ६० वॅटच्या आसपास असते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण तो आकडा कागदावर छापलेला असतो. वाचायचे काम आपले.

एक उदाहरण घेऊ. भिवंडी किंवा मालेगावसारख्या गावात खाली यंत्रमागाची शेड, वर कार्यालय आणि लागूनच कापडाचे गोदाम आहे. आठ आयपी कॅमेरे बसवायचे आहेत, प्रत्येकाच्या लेबलवर जास्तीत जास्त ७ वॅट लिहिले आहे. आठ सत्ते छप्पन्न. छतावरचे एक वाय-फाय १३ वॅटचे. झाले ६९. यावर चौथा हिस्सा राखीव धरला तर सुमारे ८६ वॅट. म्हणजे ६० वॅटचा स्विच इथे चालणार नाही, आणि यंत्रे नऊ असल्याने आठ पोर्टही अपुरे. मग दोन मार्ग उरतात. ९० वॅटच्या वरचा आठ पोर्टचा स्विच फक्त कॅमेऱ्यांना आणि वाय-फायला इंजेक्टर. किंवा १२० ते १५० वॅटचा सोळा पोर्टचा स्विच. पुढच्या दोन वर्षांत कॅमेरे वाढणार असतील तर दुसरा मार्ग धरावा, नसतील तर पहिला स्वस्त पडतो. दोन्ही मार्गांत कार्यालयातले संगणक मात्र वेगळ्या साध्या गिगाबिट स्विचवर ठेवावेत, असे माझे मत आहे. एक तर ते स्वस्तात होते. दुसरे म्हणजे कॅमेऱ्यांचा स्विच बिघडला तरी बिले चालू राहतात.

राखीव चौथा हिस्सा कशासाठी? कॅमेऱ्याची भूक दिवसा एक आणि रात्री दुसरी असते. अंधार पडला की चित्र दिसावे म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. बसवणारा दुपारी येतो, आठही चित्रे दाखवतो, मालक खूश होऊन पैसे देतो. मगरिबच्या सुमारास दिवे लागतात, एकूण ताकद ओलांडली जाते आणि स्विच एखाद्या पोर्टची वीज तोडतो. बहुतेक स्विच शेवटच्या क्रमांकाच्या पोर्टपासून तोडतात. तिथे नेमका गोदामाच्या मागच्या दाराचा कॅमेरा असला तर? सकाळी उजाडल्यावर तो पुन्हा सुरू होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून महत्त्वाच्या दाराचा कॅमेरा पहिल्या पोर्टवर लावायला सांगावे. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

आणखी एक बारकावा आहे. यंत्र जोडले की ते स्विचला आपला वर्ग सांगते आणि काही स्विच त्या वर्गाची पूर्ण वीज राखून ठेवतात, प्रत्यक्षात वापर कमी असला तरी. ७ वॅटचा कॅमेरा वरच्या वर्गात मोडत असेल तर त्याच्या नावावर १५.४ वॅट अडकून पडतात. अर्ध्या गाडीचा माल, पण भाडे पूर्ण गाडीचे. असा स्विच असेल तर हिशेब लेबलावरच्या वॅटचा न धरता वर्गाचा धरावा लागतो.

तार तांब्याची की तांब्याच्या मुलाम्याची?

स्विच कितीही चांगला असो, मधली तार खोटी असेल तर सर्व व्यर्थ आहे. बाजारात ‘सीसीए’ नावाची स्वस्त तार मिळते. ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर असते. साध्या स्विचवर, थोड्या अंतरावर ती चालून जाते, त्यामुळे तिचे दोष दिसत नाहीत. वीज पाठवायला लागलो की दोष उघडे पडतात. तिचा विरोध शुद्ध तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. वाटेत दाब उतरतो, तार तापते आणि लांबचा कॅमेरा रात्री बंद-चालू होत राहतो. मग दोष स्विचवर टाकून तो बदलला जातो.

आपण सूत जाळून ते कॉटन आहे की पॉलिस्टर हे ओळखतो, तशीच याचीही परीक्षा आहे. तारेतली एक कांडी काढून ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. दोन-चारदा वाकवली की ती तुटतेही लवकर. ३०५ मीटरचे अख्खे खोके उचलून पाहिले तर तांब्याचे स्पष्ट जड लागते. कॅट-५ई किंवा कॅट-६, ‘शुद्ध तांबे’, असे बिलावरच लिहून घ्यावे.

अंतराची मर्यादा १०० मीटर आहे, मग स्विच कोणताही असो. काही स्विचवर अंतर वाढवण्याचे बटण असते. ते दाबले की तार २५० मीटरपर्यंत चालेल असे सांगतात, पण वेग १० मेगाबिटवर उतरतो आणि ही सोय ठरलेल्या दर्जात बसत नाही. एका कॅमेऱ्यापुरती ठीक. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत जायचे असेल तर तांब्याची तार हवेतून टांगूच नये. पावसाळ्यात जवळ वीज पडली तर दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जातात. तिथे ऑप्टिकल फायबर टाकून पलीकडे दुसरा लहान पीओई स्विच बसवावा. शेडमध्येही मोटारीच्या वायरींच्या बरोबरीने नेटवर्कची तार ओढू नये. फूटभर अंतर ठेवावे, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

वीज गेल्यावर

जुन्या टेलिफोनचा मुद्दा इथे येतो. आठ कॅमेऱ्यांना आठ ॲडॅप्टर असतील तर वीज जाताच आठही डोळे मिटतात. प्रत्येकाजवळ बॅटरी ठेवणे शक्य नाही. पीओई स्विच, एनव्हीआर आणि राउटर ही तीन यंत्रे एका यूपीएसवर ठेवली की सगळे कॅमेरे चालू राहतात. साध्या संगणकाच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे नावापुरते ८४ वॅट-तास. ४० वॅटचा भार असेल तर ती तासभर टिकेल असे धरावे. आपल्या उदाहरणात स्विच, एनव्हीआर आणि राउटर मिळून भार १०० वॅटच्या जवळ जातो. तिथे ती अर्ध्या तासाच्या आतच बसेल. म्हणून गोदामासाठी इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची बॅटरी योग्य. १०० वॅटच्या भारावर ती रात्र काढते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर वीज जाताना क्षणभर खंड पडून सर्व यंत्रे पुन्हा सुरू होण्यात मिनिट-दोन मिनिटे जातात. चोराला तेवढी पुरतात.

कापडवाल्यांसाठी आगीचा विचार यापेक्षाही मोठा आहे. छताजवळ, थप्प्यांच्या वर, एक्स्टेन्शन बोर्डवर लोंबकळणारे स्वस्त ॲडॅप्टर आणि त्यावर साचलेले सुताचे तंतू, हे दृश्य शेडमध्ये आणि गोदामात सर्रास दिसते. पीओईत कॅमेऱ्यापर्यंत २३० व्होल्ट न्यावेच लागत नाहीत. तारेतला दाब ५७ व्होल्टच्या आत आणि प्रवाह मर्यादित असतो. केवळ या कारणासाठी गोदामात मी पीओईच्या बाजूने आहे, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मात्र स्विच स्वतः गरम होतो. साध्या स्विचपेक्षा बराच जास्त, कारण सगळ्यांची वीज त्याच्यातून जाते. त्याला गाठींच्या मागे कोंबू नये. शेडमध्ये पंखा नसलेला स्विच घ्यावा, कारण पंखा तंतू आत ओढतो. तो जाळीच्या लोखंडी पेटीत, डोळ्यांच्या उंचीवर बसवावा आणि आठवड्यातून एकदा बंद करून ब्लोअर मारावा.

कोटेशन आणि ताबा

कोटेशनमध्ये पाच गोष्टी लेखी मागाव्यात : स्विचचा दर्जा, पोर्ट, एकूण वॅट, तारेची जात आणि वॉरंटी कोण देणार. कॅमेऱ्यांसाठी १०० मेगाबिटचे पोर्ट चालतात, कारण एक कॅमेरा सहसा सेकंदाला १० मेगाबिटच्या आतच पाठवतो. पण सगळ्यांचे मिळून जे पुढे जाते तो जोडणीचा पोर्ट गिगाबिट असावा. मालक दुसऱ्या गावी राहत असेल तर ‘मॅनेज्ड’ प्रकार उपयोगी पडतो. अडकलेल्या कॅमेऱ्याची वीज घरबसल्या तोडून पुन्हा देता येते, शिडी लावणारा माणूस बोलवावा लागत नाही. रोज पेढीवर बसणाऱ्याला त्याची गरज नाही. पक्के बिल घ्यावे. कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या या मालावरचा जीएसटी वजा मिळतो.

पैशाचा शेवटचा हप्ता ताबा घेतल्यावर द्यावा आणि ताबा रात्री घ्यावा. बसवणाऱ्याला इशाच्या नमाजनंतर बोलवावे. गोदामातले सर्व दिवे घालवून आठही चित्रे पडद्यावर पाहावीत. मग त्याच्यासमोर मेन स्विच खाली पाडून घड्याळ लावावे आणि अर्ध्या तासाने किती चित्रे शिल्लक आहेत ती मोजावीत.